दुसरा घोडा: बदलापूर, जिंजी आणि न थांबणारे सर्व्हर

१.
बदलापूर हे नाव कसे पडले, याविषयी कुळगाव-बदलापूर परिसरात एक कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. घाटावरून कल्याणमार्गे सुरतेकडे निघालेले स्वार उल्हास नदीकाठच्या या गावी थांबत, दमलेले घोडे बांधून ताज्या घोड्यांवर मांड टाकत आणि पुढे निघत. घोडे बदलण्याचे ठिकाण, म्हणून बदलापूर. ही व्युत्पत्ती लोकपरंपरेतील आहे; परंतु तिच्यातला विचार पक्का आहे. घोडा थकणार, हे आधीच गृहीत धरायचे आणि तरीही प्रवास थांबू द्यायचा नाही.

२.
संगणकशास्त्रात याच विचाराला ‘हाय अव्हेलेबिलिटी’ म्हणजे उच्च उपलब्धता म्हणतात. बँकेचे व्यवहार, रेल्वेचे आरक्षण, शेअर बाजार यांचा भार आज एकट्या सर्व्हरवर नसतो. अनेक सर्व्हरांचा गट, म्हणजे क्लस्टर, तो भार वाहतो. त्यातील एक कोसळला तर दुसरा काम उचलतो. ऐकायला हे सोपे वाटते; पण जोडीला दुसरे यंत्र ठेवले म्हणजे काम भागले, हा समज किती वेळा आणि कसा फसला, याची साक्ष मराठ्यांच्या इतिहासातही आहे आणि अगदी अलीकडच्या मुंबईतही. हा धागा त्याविषयीच.

३.
आरंभ डाकेपासून. चौदाव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या इब्न बतूताने दिल्लीच्या सुलतानाच्या डाकव्यवस्थेचे वर्णन केले आहे. ठराविक अंतरावर ताजे घोडे आणि त्याहून कमी अंतरावर ताजे धावपटू उभे असत. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. घोडा बदलणे सोपे असते, कारण घोड्याला काही आठवावे लागत नाही. निरोप थैलीत असतो. एक घोडा गेला तर दुसरा तेच काम तितक्याच चोखपणे करतो.

४.
पण थैलीच हरवली तर? तेथे ताजा घोडा निरुपयोगी ठरतो. तेथे निरोपाची दुसरी प्रत लागते. पेशवेकालीन पत्रांत ‘जासूद जोडी’ हा शब्दप्रयोग येतो, कारण जासूद जोडीने धाडण्याची रीत होती. ईस्ट इंडिया कंपनी तर महत्त्वाच्या पत्राच्या दोन-तीन प्रती करून त्या वेगवेगळ्या जहाजांनी लंडनला पाठवी. एक जहाज बुडाले तरी मजकूर पोहोचावा, हा हेतू. आजच्या क्लस्टरमध्येही हीच दोन प्रकारची कामे असतात. संकेतस्थळाचे पान दाखवणारा सर्व्हर घोड्यासारखा असतो. तो केव्हाही बदलता येतो. खातेदाराची शिल्लक सांभाळणारा डेटाबेस थैलीसारखा असतो. त्याची प्रत आधीच दुसरीकडे असावी लागते. क्लस्टर उभारताना खरे कष्ट या दुसऱ्या कामाचे असतात.

५.
संगणकाच्या जगात हा विचार लवकर आला. बेभरवशाच्या सुट्या भागांतून भरवशाचे यंत्र कसे घडवावे, या प्रश्नावर जॉन फॉन नॉयमन यांचा प्रबंध १९५६ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेच्या ‘सेज’ या हवाई संरक्षण यंत्रणेत प्रत्येक केंद्रावर संगणकाची जोडी असे. एक कामावर, दुसरा तयारीत. १९७४ साली जेम्स ट्रेबिग यांनी ‘टँडेम’ ही कंपनी स्थापन केली आणि १९७६ पासून तिची ‘नॉनस्टॉप’ यंत्रे ग्राहकांकडे जाऊ लागली. टँडेम हा शब्द इंग्रजीत एकामागे एक जुंपलेल्या घोड्यांच्या गाडीसाठी रूढ झाला होता. म्हणजे येथेही घोडेच. १९८३ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने ‘व्हॅक्सक्लस्टर’ आणला आणि अनेक संगणकांनी एकत्र येऊन एकच भासण्याची पद्धत व्यवहारात रुळली.

६.
यामागचे गणित आकर्षक आहे. एखादे यंत्र ९९ टक्के वेळ चालू असेल, तर वर्षात सुमारे साडेतीन दिवस ते बंद राहील. तशीच दोन यंत्रे ठेवली आणि त्यांच्या बिघाडांचा एकमेकांशी काहीही संबंध नसेल, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता शंभरांशाचा शंभरावा भाग, म्हणजे ०.०१ टक्के. वर्षात साडेतीन दिवसांऐवजी जेमतेम ५३ मिनिटे! मात्र या हिशेबातील ‘संबंध नसेल तर’ ही अट फार महत्त्वाची आहे. पुढील सगळा इतिहास त्या अटीभोवती फिरतो.

७.
आता जिंजी. १६७७ साली दक्षिणेच्या मोहिमेत शिवाजी महाराजांनी आजच्या तमिळनाडूतील जिंजीचा किल्ला घेतला आणि त्याची तटबंदी मजबूत करवली. रायगडापासून तो शेकडो कोस दूर. त्यावेळी राजधानी सुरक्षित होती, राज्य वाढत होते. परंतु बारा वर्षांनी, फेब्रुवारी १६८९ मध्ये संभाजी महाराज पकडले गेले, मार्चमध्ये त्यांची हत्या झाली आणि झुल्फिकारखानाने रायगडाला वेढा घातला.

८.
सर्व राजकुटुंब एकाच गडावर अडकले असते तर राज्याचा शेवट तेथेच होता. महाराणी येसूबाईंनी राजाराम महाराजांना बाहेर पडण्याचा सल्ला दिला आणि स्वतः बाल शाहूंसह मागे थांबल्या, असे परंपरा सांगते. राजाराम महाराज एप्रिलमध्ये गडाबाहेर पडले आणि वर्षअखेरीस जिंजीस पोहोचले. त्याच सुमारास रायगड पडला. येसूबाई आणि शाहू मोगलांच्या कैदेत गेले. राजधानी गेली, पण राज्य गेले नाही. १६९८ मध्ये जिंजी पडेपर्यंत मोगलांची मोठी फौज तेथेच गुंतून राहिली आणि किल्ला हाती आला तेव्हा राजाराम महाराज आधीच निसटलेले होते.

९.
आजच्या भाषेत जिंजी हे ‘डिझास्टर रिकव्हरी’ केंद्र ठरते: मूळ केंद्र नष्ट झाले तर कारभार जेथे हलवायचा ते ठिकाण. ते दूर असावे लागते, म्हणजे एकच पूर, एकच भूकंप किंवा एकच फौज दोन्ही ठिकाणे गिळणार नाही. आणि ते संकटापूर्वीच सज्ज असावे लागते. १६८९ मध्ये गरज पडल्यावर जिंजीचा तट बांधायला घेतला असता, तर उपयोग शून्य.

१०.
परंतु अंतराची किंमत असते. जिंजीहून महाराष्ट्रात आज्ञा पोहोचायला मोठा काळ जाई. प्रत्येक निर्णय विचारून घेणे अशक्य होते. म्हणून रामचंद्रपंत अमात्यांना ‘हुकुमतपनाह’ हा किताब आणि व्यापक अधिकार देऊन मागे ठेवण्यात आले. संगणकांनाही हा पेच सुटलेला नाही. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते चेन्नई हे हजार किलोमीटरहून थोडे अधिक अंतर जाऊन परतायला त्याला किमान दहा सहस्रांश सेकंद लागतात. प्रत्येक नोंद दुसरीकडे पोहोचल्याची पावती येईपर्यंत थांबले, तर काम मंदावते. न थांबता पुढे गेले, तर मूळ केंद्र अचानक पडताच शेवटच्या काही नोंदी हरवू शकतात. शहाणी योजना दोन्ही पद्धती वापरते: जवळच्या यंत्रात थांबून प्रत, दूरच्या केंद्रात मागाहून प्रत.

११.
आता अधिक अवघड प्रश्न. मुख्य यंत्र पडले, हे राखीव यंत्राला कळते कसे? क्लस्टरमधील यंत्रे एकमेकांना ठराविक अंतराने ‘मी जिवंत आहे’ एवढाच संदेश पाठवत राहतात. त्याला ‘हार्टबीट’, म्हणजे हृदयाचा ठोका म्हणतात. काही ठोके सलग चुकले की राखीव यंत्र समजते, मुख्य गेले. पण ठोके ऐकू न येण्याचे कारण वेगळेही असू शकते. यंत्र धडधाकट आहे, केवळ दोघांमधली तार तुटली आहे. बाहेरून दोन्ही प्रसंग अगदी सारखेच दिसतात.

१२.
येथे १७०७ साल आठवते. मार्चमध्ये औरंगजेब मृत्यू पावला. मे महिन्यात मोगलांनी शाहूंना सोडले. मराठ्यांत दुफळी माजावी हा त्यामागचा डाव होता. राजाराम महाराजांच्या मृत्यूनंतर सात वर्षे ताराबाईंनी आपल्या मुलाच्या नावे कारभार समर्थपणे चालवला होता. शाहू परतले आणि एका राज्याला दोन छत्रपती झाले. ऑक्टोबरमध्ये खेडला लढाई झाली, १७०८ च्या आरंभी शाहूंनी साताऱ्यास राज्याभिषेक करवून घेतला आणि ताराबाईंनी पन्हाळ्याच्या बाजूला आपली गादी उभी केली. दोन्ही बाजूंना मुद्रा, दोन्ही बाजूंना प्रधान. सरदारांनी कोणाची आज्ञा मानावी?

१३.
या दुहीचा लाभ निजामाने नेमका उचलला. १७२७ च्या सुमारास त्याने दख्खनच्या चौथाईचा भरणा अडवला. सबब अशी, की सातारकर शाहू आणि कोल्हापूरकर संभाजी यांपैकी खरा हक्कदार कोण, हे आधी ठरू द्या. देणे नाकारायचे नाही, केवळ कोणाला द्यायचे ते ठाऊक नाही! पालखेडला थोरल्या बाजीरावांनी निजामाला कोंडीत पकडले, १७२८ च्या मुंगी-शेवगावच्या तहात त्याने शाहूंचा हक्क मान्य केला आणि १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा व कोल्हापूर यांच्या सीमा ठरल्या. एका प्रश्नाचे उत्तर मिळायला जवळजवळ पाव शतक गेले.

१४.
क्लस्टरमध्ये या दशेला ‘स्प्लिट ब्रेन’ म्हणतात: दोन भाग, आणि प्रत्येकाला वाटते की मुख्य आपणच. दोन्ही यंत्रे एकाच पत्त्यावर विनंत्या स्वीकारू लागतात, एकाच साठ्यावर लिहू लागतात आणि काही क्षणांत नोंदी एकमेकींत मिसळून नासतात. सर्व्हर बंद पडला तर तो पुन्हा सुरू करता येतो. नासलेली वही दुरुस्त करणे त्याहून कितीतरी कठीण. म्हणून अनुभवी व्यवस्थापक बंद पडलेल्या क्लस्टरपेक्षा दोन डोक्यांच्या क्लस्टरला अधिक भितात.

१५.
यावर दोन उपाय आहेत. पहिला, गणपूर्ती. ज्या भागाकडे एकूण यंत्रांपैकी निम्म्याहून अधिक असतील, त्यानेच कारभार चालवावा. उरलेल्यांनी निमूट थांबावे. म्हणून क्लस्टर तीन किंवा पाच अशा विषम संख्येचा असतो. दोनच यंत्रे असतील तर तार तुटताच दोन्हीकडे एकेक मत उरते आणि निवाडा होत नाही. अशा वेळी केवळ मत देणारा तिसरा साक्षीदार जोडतात. यंत्रांनी आपसांत एकमत कसे करावे, यासाठी लेस्ली लॅम्पोर्ट यांची ‘पॅक्सॉस’ आणि २०१४ मध्ये मांडली गेलेली ‘राफ्ट’ या पद्धती आज जगभर वापरल्या जातात.

१६.
दुसरा उपाय, ‘फेन्सिंग’, म्हणजे कुंपण. राखीव यंत्राने सूत्रे हाती घेण्यापूर्वी जुन्या यंत्राचा वीजपुरवठा तोडायचा किंवा साठ्याकडे जाणारी त्याची वाट बंद करायची. ते मेले असल्याची खात्री नसेल, तर आधी ते थांबवायचे, मग पुढचे पाऊल. लिनक्सच्या क्लस्टरमध्ये ‘कोरोसिंक’ हा प्रोग्राम ठोके आणि मते मोजतो, तर ‘पेसमेकर’ हा प्रोग्राम कोणते काम कोणत्या यंत्रावर चालावे ते ठरवतो. नवखे लोक अनेकदा कुंपणाची पायरी त्रासदायक म्हणून बंद ठेवतात. १७०७ ते १७३१ चा काळ वाचलेल्याने तसे करू नये.

१७.
आता पुन्हा बदलापूर. कल्याणहून खोपोलीकडे जाणारा लोहमार्ग १८५६ साली सुरू झाला, तो याच वाटेने. आज येथून मार्गांची जोडी जाते, एक जाण्याचा, एक येण्याचा. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि स्थानिक लोकांच्या साह्याने एक हजाराहून अधिक प्रवासी बाहेर काढण्यात आले. मार्ग दोन होते, पण नदी एक होती. सहाव्या भागातील अट येथे उघडी पडते. एकाच रॅकमध्ये, एकाच वीजजोडणीवर ठेवलेले दोन सर्व्हर म्हणजे उल्हासच्या काठावर शेजारी टाकलेले दोन रूळच.

१८.
त्यानंतरचे वर्ष. १२ ऑक्टोबर २०२०, सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईच्या मोठ्या भागातील वीज गेली. लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. महासाथीच्या त्या दिवसांत रुग्णालयांना जनित्रांवर विसंबावे लागले. कळवा-पडघा वाहिनीच्या दोन मंडलांपैकी एक देखभालीसाठी बंद होते, सगळा भार दुसऱ्यावर होता आणि त्यातच बिघाड झाला. संकटात मुंबईला उर्वरित जाळ्यापासून अलग करून स्वतःच्या विजेवर चालवण्याची ‘आयलँडिंग’ व्यवस्थाही त्या दिवशी शहर वाचवू शकली नाही. दोनपैकी एक दुरुस्तीला गेले की दोन राहत नाहीत, एकच राहते. म्हणून जेथे खंड परवडत नाही तेथे तिसऱ्याची सोय लागते: एक कामावर, एक दुरुस्तीत, आणि तरीही एक हाताशी.

१९.
चार महिन्यांनी, २४ फेब्रुवारी २०२१ रोजी, मुंबईतच राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले. दोन दूरसंचार कंपन्यांच्या जोडण्या होत्या. दोन्हींत बिघाड झाला आणि जोखीम मोजणारी प्रणाली उपलब्ध राहिली नाही. राखीव केंद्र अस्तित्वात होते, पण कारभार तेथे हलवला गेला नाही. व्यवहार पुन्हा सुरू झाले ते ३ वाजून ४५ मिनिटांनी; त्यासाठी बाजाराची वेळ पाचपर्यंत वाढवावी लागली. जिंजी सज्ज होती, पण रायगड सोडण्याचा निर्णय झाला नाही, असे या प्रसंगाचे वर्णन करता येईल.

२०.
यातून नियम बदलले. पुढच्याच महिन्यात ‘सेबी’ने सांगितले की गंभीर बिघाड झाल्यास अर्ध्या तासाच्या आत आपत्ती घोषित करावी आणि त्यानंतर ४५ मिनिटांत व्यवहार राखीव केंद्रावरून सुरू व्हावेत. आणि २ मार्च २०२४ च्या शनिवारी दोन्ही शेअर बाजारांनी विशेष सत्र भरवले: सकाळचा भाग मुख्य केंद्रावरून, नंतरचा भाग राखीव केंद्रावरून, खऱ्या पैशांच्या खऱ्या व्यवहारांसह. राखीव घोड्यावर बसून पाहिल्याशिवाय तो धावतो की नाही, हे कळत नाही.

२१.
क्लस्टर उभारण्याचा क्रम या इतिहासातूनच सापडतो. प्रथम प्रत्येक दुव्यासाठी विचारावे, हा एकटा तुटला तर काय थांबेल? यंत्र, वीज, नेटवर्क, साठा, इमारत आणि शेवटी माणूसही. कारण पासवर्ड एकालाच ठाऊक असेल तर तोही एकटा दुवाच. मग प्रती आणि त्यांच्यातील अंतर ठरवावे. मग गणपूर्ती आणि कुंपण. मग निर्णय कोण आणि किती वेळात घेणार, हे लिहून ठेवावे. आणि शेवटी ठरलेल्या दिवशी मुख्य यंत्र मुद्दाम बंद करून सराव करावा, तोही वर्षातून एकदाच नव्हे.

२२.
राखीव व्यवस्थेचा एक दोष कायमचा आहे. ती चांगली असेल तर कोणाच्या लक्षात येत नाही. वर्षभर ती रिकामी दिसते, तिचा खर्च मात्र दर महिन्याला दिसतो, आणि काटकसरीची वेळ आली की पहिली कुऱ्हाड तिच्यावर पडते. दुरुस्तीच्या काळात तिसऱ्या मंडलाची सोय नसणे, सराव पुढे ढकलणे, दोन जोडण्या एकाच खंदकातून नेणे ही सगळी या काटकसरीचीच रूपे. त्याची किंमत मोजणारा बहुतेकदा निर्णय घेणारा नसतो. तो अडकलेल्या गाडीत, बंद एटीएमसमोर किंवा दवाखान्याच्या रांगेत उभा असतो.

२३.
रोज पहाटे कुळगाव-बदलापूरच्या फलाटावर हजारो माणसे लोकलची वाट पाहतात. गाडीची वीज, हातातल्या मोबाइलमधले तिकीट, बँकेत जमा होणारा पगार, यांतील प्रत्येकामागे कोठेतरी एक राखीव यंत्र शांतपणे ठोके मोजत उभे आहे. त्यातील किती घोडे खरोखर ताजे आहेत आणि किती केवळ तबेल्याच्या वहीत आहेत, हे त्या माणसांना दिसत नाही. म्हणून ते पाहणे हे व्यवस्थापकाचे कर्तव्य ठरते. गावाचे नाव घोडे बदलण्यावरून पडले असो वा नसो, त्या कथेतला तबेला सांभाळणारा माणूस स्वार येण्यापूर्वीच दुसऱ्या घोड्यावर खोगीर चढवून ठेवत असणार.

धागा समाप्त.